एच९ मध्ये एनजीएन२: एका पेशीरेषेच्या पावसाळी नोंदी

२ जून २०२५

काम थोडक्यात असं. मानवी भ्रूणीय मूलपेशींच्या एच९ या लाइनमध्ये एनजीएन२ हे जनुक अशा रीतीने बसवायचं की डॉक्सिसायक्लिन हे औषध (पुढे 'डॉक्स') घातलं तरच ते चालू होईल आणि पेशी थेट न्यूरॉन होण्याच्या वाटेला लागेल. एच९ ही १९९८ साली विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांच्या गटाने काढलेल्या पहिल्या पाच लाइनींपैकी एक; गुणसूत्रं ४६, एक्सएक्स. एनजीएन२ची युक्ती २०१३ची, स्टॅनफर्डमधली. तिथे जनुक लेंटिव्हायरसने आत घातलं होतं. व्हायरस प्रत्येक पेशीत वेगळ्या जागी आणि वेगळ्या संख्येने बसतो, त्यामुळे एका प्लेटचा निकाल दुसरीशी जुळवताना जीव जातो. म्हणून आपण ते १९व्या गुणसूत्रावर एएव्हीएस१ या ठरावीक जागी बसवणार आहोत.

मूलपेशी संशोधन समितीची आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची, दोन्ही मंजुरीपत्रं लाल फाइलमध्ये आहेत. एक मिळालं म्हणून दुसरं आपोआप येत नाही.

आज पॅसेज ३४ची गोठवलेली कुपी उघडली (पॅसेज म्हणजे पेशी नव्या प्लेटमध्ये वाटून हलवण्याची एक फेरी). ३७ अंशांच्या पाण्यात सुमारे दीड मिनिट, बर्फाचा मुगाएवढा खडा उरेपर्यंतच. मग ८ मिलि ई८ मीडिया (मूलपेशींचं पोषक द्रावण) थेंबाथेंबाने, ट्यूब हलवत. मीडिया एकदम ओतला तर डीएमएसओ (गोठवताना घातलेलं संरक्षक द्रव्य) झटक्यात पातळ होतो, पेशींत पाणी शिरतं आणि त्या फुटतात. २०० जी, ५ मिनिटं. मेट्रिजेल (पेशी चिकटण्यासाठीचा प्रथिनांचा लेप) लावलेल्या ६-वेल प्लेटच्या दोन वेलमध्ये वाटल्या, वाय-२७६३२ (सुट्या पेशी मरू नयेत म्हणून) १० मायक्रोमोलर, फक्त पहिले २४ तास.

मेट्रिजेल रात्रभर ४ अंशांवर बर्फाच्या डब्यात वितळवायचं, टिपा आणि ट्यूबही थंड हव्यात. १० अंशांच्या वर ते जेल होऊन घट्ट व्हायला लागतं, आणि जूनमध्ये एसी बंद असला तर आपली खोली ३० अंशांवर असते. वेलच्या तळाशी गुठळ्या दिसल्या तर ती प्लेट सरळ टाकून द्यावी.

५ जून

वसाहती धरल्या आहेत. कडा स्वच्छ, केंद्रकं ठळक. दोन ठिकाणी चपट्या, पसरट, म्हणजे मूलपेशीपण सोडू लागलेल्या पेशी होत्या. टिपने खरवडून काढल्या.

पावसाळ्यापुरते नियम. पुठ्ठ्याचे खोके कल्चर खोलीत आणायचे नाहीत. ओला पुठ्ठा म्हणजे बुरशीची शेतीच. सामान बाहेरच्या पॅसेजमध्ये सोडवून, वेष्टनावर ७० टक्के इथेनॉल मारून आत. इन्क्युबेटरच्या तळाच्या ट्रेमधलं पाणी दर सोमवारी बदलायचं, निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणीच. आतल्या काचेच्या दाराच्या रबरावर पाणी साचतं, ते रोज पुसायचं. बुरशीची पहिली काळी रेघ तिथेच उमटते. मीडियात प्रतिजैविक नाही. नेहमीच्या प्रतिजैविकाने मायकोप्लाझ्मा (पेशीभित्तिका नसलेले सूक्ष्म जीवाणू) मरत नाही आणि हाताचा निष्काळजीपणा मात्र झाकला जातो.

ई८ची पूर्ण बाटली ३७ अंशांच्या पाण्यात ठेवलेली दिसली. त्यातलं एफजीएफ२ उष्णतेने लवकर निकामी होतं. त्या दिवसापुरता मीडिया वेगळा काढून खोलीच्या तापमानाला आणावा, बाटली फ्रिजमध्येच राहू द्यावी.

९ जून

ईडीटीए (पेशींची पकड सैल करणारं रसायन) वापरून पॅसेज, १ ला ८. ०.५ मिलिमोलर, कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसमध्ये, ४ मिनिटं. वसाहतीच्या कडा चमकू लागल्या आणि आत भोकं दिसली की पेशी सुटण्याआधीच ईडीटीए शोषून घ्यायचं, मग मीडियाचे दोनच फवारे. पाच-सहा फवारे मारले की गुठळ्या फुटून सुट्या पेशी होतात, आणि सुटी पेशी मरणाच्या दारात उभी असते. ही गोष्ट पुढे क्लोनच्या (एका पेशीपासून वाढलेल्या वसाहतीच्या) निवडीत आडवी येणार आहे.

१२ जून

प्युरोमायसिनची (पुढे 'प्युरो') मात्रा ठरवली. प्रतिकाराचं जनुक नसलेल्या पेशी ते मारतं, म्हणून पुढे निवडीला. ०.१, ०.२५, ०.५ आणि १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. ०.२५ वर तिसऱ्या दिवशीही काही वसाहती तग धरून होत्या, ०.५ वर ४८ तासांत सगळ्या गेल्या. ०.५ पक्की. औषधाची बाटली बदलली की ही चाचणी पुन्हा.

१६ जून

दात्या प्लास्मिडची, म्हणजे घालायचा तुकडा वाहणाऱ्या डीएनएच्या वर्तुळाची, रचना इथे सविस्तर, कारण पुढचे बरेच गोंधळ ती न समजल्याने होतात.

दोन्ही टोकांना सुमारे ८०० बेसचे समजातीय (जीनोमशी जुळणारे) तुकडे, हे पीपीपी१आर१२सी या जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधले; एएव्हीएस१ ही जागा तिथेच. त्यांच्या मध्ये आधी प्युरोमायसिन-प्रतिकाराचं जनुक, पण त्याला स्वतःचा प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) नाही. त्याच्या आधी स्प्लाइस-ॲक्सेप्टर आणि टी२ए (शेजारच्या जनुकाच्या संदेशाला जोडून घेणारा आणि प्रथिन वेगळं सोडणारा तुकडा) आहे, म्हणजे ते पीपीपी१आर१२सीच्या प्रमोटरवर जगतं. तुकडा जीनोममध्ये भलत्याच जागी पडला तर बहुतेक वेळा प्युरो तयारच होत नाही, म्हणून पार्श्वभूमीच्या वसाहती कमी. त्यापुढे सीएजी प्रमोटरखाली आरटीटीए (डॉक्स असतानाच काम करणारं प्रथिन), आणि ते ज्याला चालू करतं त्या टीआरई३जी प्रमोटरखाली एनजीएन२.

आता यातली खोच. पेशी प्युरोमध्ये जगते एवढ्यावरून एकच कळतं: तुकडा बहुधा योग्य जागी बसला आहे. आरटीटीए बनतं की नाही, टीआरई उघडा आहे की मिथिलेशनने (डीएनएवरच्या रासायनिक खुणेने) मिटला आहे, याबद्दल प्युरो अवाक्षर काढत नाही. दोघांचे प्रमोटर वेगळे. तेव्हा "दर चार पॅसेजना प्युरो देतो, म्हणजे लाइन ठीक आहे" हे वाक्य वहीत कोणी लिहू नये.

प्लास्मिड एंडोटॉक्सिनमुक्त किटने काढला. २६०/२८० गुणोत्तर १.८८.

१७ जून

न्यूक्लिओफेक्शन, म्हणजे विजेच्या धक्क्याने सामग्री पेशीत घालणं. पेशी ६० टक्के भरलेल्या आणि वाढीच्या भरात होत्या. एक तास आधी वाय-२७६३२. ॲक्युटेज ३७ अंशांवर ६ मिनिटं, अगदी सुट्या पेशी. मोजून १० लाख.

कॅस९ (डीएनए कापणारं) प्रथिन २० मायक्रोग्रॅम आणि गाइड आरएनए (कापायची जागा दाखवणारा) १६ मायक्रोग्रॅम, म्हणजे अंदाजे १२५ आणि ५०० पिकोमोल, एकास चार. खोलीच्या तापमानाला १० मिनिटं एकत्र ठेवले. दाता प्लास्मिड २ मायक्रोग्रॅम. पी३ द्रावण ८२ मायक्रोलिटर आणि त्याची पुरवणी १८. वरून घातलेलं सगळं मिळून १० मायक्रोलिटरच्या आत ठेवलं. त्यापुढे क्षारांचं प्रमाण बिघडतं. प्रोग्राम सीए-१३७.

पहिल्या क्युव्हेटला यंत्राने चूक दाखवली. तळाशी बुडबुडा होता. क्युव्हेट टेबलावर हलकेच दोनदा आपटली की तो वर येतो. पण या खटाटोपात पेशी पी३ मध्ये २० मिनिटांहून जास्त राहिल्या, तो संच बाद केला. दुसरा संच १२ मिनिटांत उरकला. पल्सनंतर लगेच ५०० मायक्रोलिटर कोमट मीडिया, ५ मिनिटं तसंच ठेवून १० सेंमीच्या प्लेटमध्ये. नियंत्रण म्हणून एका क्युव्हेटमध्ये फक्त प्लास्मिड, कॅस९ नाही.

१८ जून

सुमारे दोन-तृतीयांश पेशी तरंगत आहेत. घाबरायचं कारण नाही. यातला काही वाटा विजेच्या धक्क्याचा, पण काही पी५३ या रक्षक प्रथिनाचा. मूलपेशींत डीएनए तुटला की पी५३ फार जोरात जागं होतं आणि पेशी स्वतःच मरते. म्हणजे वाचलेल्यांत पी५३ लंगडं असलेल्या पेशींना आयती संधी मिळते. त्याची तपासणी यादीत घातली आहे.

२० जून

७२ तास झाले. प्युरो सुरू, रोज ताजा मीडिया.

२४ जून

आज सांजाव, गोव्यातला सेंट जॉनचा सण. बाहेर कोपेलं (फुलापानांचे मुकुट) घालून विहिरीत उड्या चालल्या आहेत, इथे प्लेटमध्ये मेलेल्या पेशींचा गाळ. कॅस९ असलेल्या प्लेटमध्ये ३० ते ४० छोट्या वसाहती, नियंत्रणात दोन. अपेक्षेप्रमाणे.

दुपारी वीज दोनदा गेली. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत इन्क्युबेटर यूपीएसवर टिकला, पण कार्बन डायऑक्साइडचा नियंत्रक पुन्हा चालू होताना शून्यापासून मोजू लागला आणि वीसेक मिनिटं आकडा ५ वर आलाच नाही. मीडिया जांभळट झाला होता. वीज आल्यावर फक्त तापमान पाहून निघून जायचं नाही.

१ जुलै

२४ वसाहती उचलल्या. १० मायक्रोलिटरची टिप, सूक्ष्मदर्शकाखाली, एका वेळी एकच वसाहत, २४-वेल प्लेटमध्ये. शेजारची वसाहत दीड मिलिमीटरच्या आत असेल तर ती उचललीच नाही. मिश्र क्लोन पीसीआरमध्ये (डीएनएचा ठरावीक भाग वाढवून पट्टी पाहण्याची चाचणी) 'एका प्रतीवर बसलेला' असा साळसूद दिसतो आणि चार महिन्यांनी उघडा पडतो.

१४ जुलै

२१ जगले. पीसीआरचे निकाल आले.

सांध्याच्या (तुकडा आणि जीनोम जुळतात तिथल्या) पीसीआरमध्ये एक प्रायमर (पीसीआर सुरू करणारा छोटा डीएनए) समजातीय तुकड्याच्या बाहेर, जीनोममध्ये असलाच पाहिजे. तो तुकड्याच्या आत पडला तर नुसतं प्लास्मिडही पट्टी देतं आणि सगळे क्लोन पास होतात. डावा सांधा आणि उजवा सांधा दोन्ही बरोबर: १३ क्लोन. त्यांतल्या दोघांत अँपिसिलिन-प्रतिकाराच्या जनुकाची पट्टी, म्हणजे प्लास्मिडचा कणाही कुठेतरी घुसला आहे, बाद. उरले ११. कापाच्या दोन्ही बाजूंचे प्रायमर लावल्यावर मूळ, न बदललेल्या प्रतीची पट्टी आठांत आली आणि तिघांत नाही: ९, १७ आणि २२.

पट्टी नाही म्हणजे दोन्ही प्रतींत तुकडा बसला, असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. पण कॅस९ कधी कधी शेकडो, हजारो बेस उडवतो. त्यात प्रायमरची जागाच गेली तरी पट्टी येत नाही. म्हणून घातलेल्या तुकड्याच्या प्रती क्यूपीसीआरने (प्रतींची संख्या सांगणाऱ्या पीसीआरने) मोजल्या. ९ आणि १७ मध्ये दोन, २२ मध्ये एकच. २२ची दुसरी प्रत खिंडार पडलेली आहे, बाद.

पुढे नेलेले: ४, ज्यात एकाच प्रतीवर तुकडा आहे आणि दुसऱ्या प्रतीचा क्रम तपासून शाबूत आढळला, शिवाय ९ आणि १७.

२१ जुलै

तिन्हींच्या मास्टर कुप्या गोठवल्या, प्रत्येकी १२, क्लोन उचलल्यापासूनचा पॅसेज ४. गुठळ्यांच्या रूपात, १० टक्के डीएमएसओ असलेलं तयार द्रावण, मिनिटाला एक अंश अशी घट, उणे ८० वर एक रात्र, दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये. चोर्ला घाटात दरड आली की नायट्रोजनची गाडी अडकते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये टाकी निम्म्यावर येण्याची वाट पाहायची नाही.

क्लोन ९ देखणा आहे. चार दिवसांत वेल भरतो. ४ आणि १७ ला पाच लागतात. सुटा केला तरी मरत नाही. हाताळायला सोपा म्हणून सगळ्यांचा ओढा त्याच्याकडे. इथे कान टवकारायला हवेत.

२२ जुलै

जी-बँडिंगसाठी (गुणसूत्रांचे पट्टे रंगवून पाहण्याची तपासणी) तिन्हींचे टी२५ फ्लास्क कुरियरने रवाना. जिवंत पेशी, मीडिया गळ्यापर्यंत भरलेला, झाकण पॅराफिल्मने बंद. हवेचा बुडबुडा राहिला तर तो प्रवासभर पेशींवरून फिरत राहतो आणि त्या सुटतात. मायकोप्लाझ्मा क्यूपीसीआर इथेच केला: तिन्ही नकारात्मक. एसटीआर (पेशीरेषेचा डीएनए-ठसा) एच९शी जुळला.

२८ जुलै

डॉक्सिसायक्लिनची पहिली चाचणी, २ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, २४ तास, मग एनजीएन२चं रंगण. प्रतिसाद देणाऱ्या पेशी: क्लोन ४ मध्ये ९६ टक्के, ९ मध्ये ९८, १७ मध्ये ९७. डॉक्सशिवाय तिन्हींत एकही नाही, म्हणजे गळती नाही. साठ्याचं द्रावण २ मिलिग्रॅम प्रति मिलि, उणे २० वर, फॉइलमध्ये. प्रकाशात ठेवलेलं डॉक्स आठवडाभरात लंगडं होतं आणि दोष क्लोनवर ढकलला जातो.

६ ऑगस्ट

जी-बँडिंगचा अहवाल: तिन्ही क्लोन ४६, एक्सएक्स, प्रत्येकी २० मेटाफेज (विभाजनातल्या पेशी) पाहून. टेबलावर आनंद.

तो फार टिकला नाही. जी-बँडिंगला साधारण ५ ते १० मेगाबेसच्या खालचं काही दिसत नाही. आणि मानवी मूलपेशींत वरचेवर होणारा एक बदल, २० क्यू ११.२१ची (२०व्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरच्या भागाची) वाढीव प्रत, पुष्कळदा त्याहून लहान असतो. म्हणून क्यूपीसीआर लावला: त्या भागातलं बीसीएल२एल१ हे जनुक, आणि तुलनेला चौथ्या गुणसूत्राचा लहान बाहू. ४ आणि १७ चं गुणोत्तर १.० च्या आसपास. क्लोन ९ चं १.५२. म्हणजे दोनाऐवजी तीन प्रती.

सीटीतला (क्यूपीसीआरमध्ये संकेत दिसू लागतो त्या चक्रातला) फरक फक्त ०.६. तिहेरी नमुन्यांमधला फरक ०.१५ च्या आत असेल तरच या आकड्याला किंमत. आणि पाचांपैकी एकच पेशी बदललेली असेल तर गुणोत्तर १.१ येतं, सीटीतला फरक ०.१४, तो पिपेटच्या चुकीतच हरवतो. तेव्हा ४ आणि १७ 'स्वच्छ' आहेत असं नव्हे, आज तरी त्यांच्यात काही दिसत नाही एवढंच.

बीसीएल२एल१ पेशीला मरू देत नाही. ज्या पेशीत त्याची तिसरी प्रत आली ती ॲक्युटेज, विजेचा धक्का, प्युरो, या सगळ्यांतून इतरांपेक्षा सुखाने निघते. आपण जूनपासून जे जे केलं ते नकळत तिचीच निवड करणारं होतं. क्लोन ९चा देखणेपणा तो हाच.

तरी लगेच फेकायचा नाही. एनजीएन२ने न्यूरॉन सगळेच देतील, कारण ती वाट पूर्वजपेशींचा टप्पा जवळजवळ गाळूनच जाते. प्रश्न विकासाचा आहे, तर विकासाच्या वाटेने चालवून पाहायला हवं. डॉक्स न घालता तिन्हींवर दुहेरी स्मॅड-निरोध, म्हणजे स्मॅडचे दोन संकेतमार्ग अडवून पेशींना मज्जापेशींकडे वळवणं.

८ ऑगस्ट

दुहेरी स्मॅड-निरोध, दिवस ०. सुट्या पेशी, प्रति चौरस सेंमी ३ लाख, एक दिवस आधी पेरलेल्या. ई६ मीडिया, एसबी४३१५४२ १० मायक्रोमोलर, एलडीएन१९३१८९ १०० नॅनोमोलर. रोज मीडिया बदल. सुरुवातीची दाटी कमी पडली तर कडेच्या पेशी न्यूरल क्रेस्ट या वेगळ्याच पेशीवंशाकडे वळतात, म्हणून दिवस ० ला वेलचा तळ दिसता कामा नये.

१८ ऑगस्ट

दिवस १०. क्लोन ४ आणि १७: जवळजवळ सगळं क्षेत्र पीएएक्स६-धन (न्यूरल पूर्वजपेशींची खूण), ऑक्ट४ (मूलपेशीची खूण) गायब. क्लोन ९: पीएएक्स६ बेटाबेटांनी, मध्ये मोठ्या चपट्या केंद्रकांच्या पेशी ज्या ना पीएएक्स६ दाखवतात ना ऑक्ट४. २० क्यूच्या वाढीव प्रतीमुळे न्यूरोएक्टोडर्मकडे (मज्जासंस्था ज्यातून घडते त्या थराकडे) जाण्यात अडथळा येतो हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे, त्याच्याशी हे जुळतं. फक्त एनजीएन२ची चाचणी केली असती तर क्लोन ९ पहिल्या नंबराने पास झाला असता.

आजच तिन्हींवर एनजीएन२चा दिवस ०. प्रति चौरस सेंमी १ लाख, डीएमईएम/एफ१२, एन२, अनावश्यक अमिनो आम्लं, डॉक्स २ मायक्रोग्रॅम, आणि पहिल्या दिवशी वाय-२७६३२.

२१ ऑगस्ट

दिवस ३, पुन्हा पेरणी. पॉली-ऑर्निथिन १५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि रात्रभर, पाण्याने तीनदा धुतलं, मग लॅमिनिन ५ मायक्रोग्रॅम. दोनदाच धुतलेल्या एका प्लेटमध्ये पेशी चिकटल्या, पण संध्याकाळपर्यंत गोळा होऊन मेल्या. सुटं ऑर्निथिन विषारी असतं, तिसरी धुलाई वगळायची नाही.

मीडिया: न्यूरोबेसल, बी२७, बीडीएनएफ आणि एनटी-३ प्रत्येकी १० नॅनोग्रॅम प्रति मिलि, लॅमिनिन १ मायक्रोग्रॅम, डॉक्स चालू. दिवस ४ ते ६ अ‍ॅरा-सी २ मायक्रोमोलर (विभागणाऱ्या पेशी मारायला). दिवस ७ ला उंदराचा ग्लिया (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी).

२६ ऑगस्ट

उद्यापासून चवथ (गणेशचतुर्थी), दोन दिवस कोणी येणार नाही. न्यूरॉनचा अर्धा मीडिया आज बदलला, पुढचा शुक्रवारी २९ला, त्यांना चालतं. अडचण मूलपेशींची, त्या रोज मीडिया मागतात. तिन्ही लाइनी गोठवून प्लेटा रिकाम्या केल्या. माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधायला गेलेल्या माणसाला प्लेटसाठी परत बोलावण्यापेक्षा हे बरं.

१ सप्टेंबर

दिवस १४. एमएपी२ (न्यूरॉनची खूण) सगळीकडे. दोन वेलमध्ये न्यूरॉनचं जाळं चादरीसारखं कडेने सुटलं. फ्रिजमधून काढलेला मीडिया तसाच घातला होता, शिवाय मध्यभागी दाटी जास्त. अर्धा मीडिया ३७ अंशांवर आणून, वेलच्या भिंतीवरून सोडावा. आजपासून डॉक्स बंद.

१५ सप्टेंबर

दिवस २८. क्लोन ४ आणि १७ मध्ये सिनॅप्सिनचे (न्यूरॉनमधल्या जोडांवरच्या प्रथिनाचे) ठिपके एमएपी२च्या तंतूंवर नीट बसलेले.

क्लोन १७च्या वेगळ्या, पुढे चालवलेल्या संचात (पॅसेज १५) मात्र न्यूरॉनच्या मध्ये ऑक्ट४-धन बेटं. ॲरा-सीतूनही काही वाचली. तीच पेशी घेऊन डॉक्सची २४ तासांची चाचणी केली: प्रतिसाद ९७ वरून ८६ टक्क्यांवर. प्युरोत मात्र सगळ्या सुखरूप. १६ जूनला लिहिलेली खोच ती हीच: स्विच मिटतो, पण कुलूप शाबूत असतं. मास्टर कुपीपासून १० पॅसेजच्या आतच काम, आणि दर पाच पॅसेजना २४ तासांची डॉक्स-चाचणी. ९० टक्क्यांच्या खाली गेलं की संच बंद करून नवी कुपी.

क्लोन ४ मुख्य लाइन, १७ जोडीला. दोन्हींच्या पी५३चं क्रमवाचन अजून बाकी, ते होईपर्यंत कार्यकारी कुप्या बाहेर कुणाला द्यायच्या नाहीत. क्लोन ९ मधून डीएनए काढून २० क्यूच्या क्यूपीसीआरसाठी धन-नियंत्रण म्हणून ठेवला आहे, उणे २०, तिसरा कप्पा, पिवळं झाकण. त्याच्या जिवंत कुप्यांवर लाल टेप. त्या न्यूरॉनच्या प्रयोगाला काढायच्या नाहीत.